रोज पोळ्या उरतात, भाजी सडते आणि शिळं मी एकटी खाते. नाशिककरांनो, तुम्ही घरी काय करता?

मेथीची_जुडी

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही इंदिरानगरला राहतो. घरात सहा माणसं, मी, हे, सासूबाई, सासरे, मुलगी आठवीत आणि मुलगा चौथीत. ह्यांची कंपनी अंबडला आहे, दिवाळीनंतर ओव्हरटाइम बंद झाला तो अजून सुरू नाही, म्हणजे महिन्याचे वरचे जे पाच-सहा हजार यायचे ते गेलेच. फी आणि हप्ता कमी होत नाही, तर कात्री किराणा आणि भाजीलाच लावावी लागतेय.

म्हणून मागच्या आठवड्यात मी एक केलं, फ्रिजवर वही ठेवली आणि रोज काय उरलं, काय टाकलं ते लिहीत गेले. सात दिवसांत पोळ्या उरल्या २६. भात रोज वाटी-दीड वाटी. कोथिंबीर दीड जुडी काळी पडून गेली, अर्धा फ्लॉवर पिवळा पडला, वरण चारदा उरलं, एकदा दूध फाटलं. वाचून मलाच धस्स झालं, कारण मी स्वतःला काटकसरीची समजत होते.

आता २६ पोळ्या काही कचऱ्यात गेल्या नाहीत. त्या मी खाल्ल्या. सकाळी सगळे गेले की रात्रीची पोळी चहाबरोबर, आणि दुपारी सासू-सासऱ्यांना ताजं वाढून माझ्या ताटात कालची भाजी. भात मात्र बराचसा टाकला जातो, किती खाणार एकटी. गेले दोन महिने ॲसिडिटीपण वाढलीय, त्याचा याच्याशी संबंध आहे का माहीत नाही.

अडचणी तीन आहेत. सासूबाईंना पोळ्यांचा डबा रिकामा दिसलेला चालत नाही, कोणी आलंगेलं तर दोन पोळ्या हाताशी असाव्यात म्हणतात, आणि त्या प्रेमानेच म्हणतात त्यामुळे मला वाद घालायचा नाहीये. मुलं "शिळं" हा शब्द ऐकला तरी ताट सरकवतात. आणि तिसरं, मी बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून स्वस्त म्हणून भरपूर भाजी आणते आणि शनिवारपर्यंत निम्मी मान टाकते.

तुम्ही घरी खरंच काय करता ते सांगा. यूट्यूबवर बघितलं तर उरलेल्या पोळीचा पिझ्झा दाखवतात, त्यात ऐंशी रुपयांचं चीज घालायला सांगतात, त्याचा मला काय उपयोग.

गोदाकाठ_आजी

अगं, आधी वही ठेवलीस त्याबद्दल तुझं कौतुक. मी पंचवटीत राहते, वय ६८, बारा माणसांच्या घरात आले होते, तेव्हा सासूबाईंनी पहिली गोष्ट शिकवली ती स्वयंपाक नव्हती, माप होतं. कणकेच्या डब्यात एक वाटी असायची आणि त्या वाटीशिवाय कणीक काढायची नाही. साधारण सपाट वाटीभर कणकेच्या चार-पाच पोळ्या होतात, तुझ्या वाटीच्या किती होतात ते एकदा मोजून ठेव. आणि संध्याकाळी परातीला हात लावायच्या आधी प्रत्येकाला विचार, किती खाणार. ह्यांना दोन, त्यांना तीन, धाकट्याला दीड. अंदाजाने मळलं की हात नेहमी जास्तीकडेच जातो, कमी पडेल ही भीती बाईच्या हातातच असते.

सासूबाईंच्या डब्याचं असं कर. कणीक मळ हवी तेवढी, पण शेवटचे तीन-चार गोळे लाटूच नकोस. तेलाचा हात लावून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेव. त्यांना सांग, आई, कोणी आलं तर पाच मिनिटांत गरम पोळी वाढू, कालची कशाला वाढायची पाहुण्याला? हे त्यांना पटेल, कारण त्यांचा मुद्दा पोळीचा नाहीये, दारात आलेला माणूस उपाशी जाऊ नये हा आहे. सकाळी तेच गोळे आधी वापरायचे.

तरी उरल्याच तर फोडणीची पोळी. हल्ली मिक्सरला फिरवतात, त्याने भुगा होतो आणि मग तो घशाला चिकटतो. हाताने कुस्करायची, नखाएवढे तुकडे राहिले पाहिजेत. तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, मूठभर दाणे, दाणे लाल झाले की कांदा, मिरची, हळद. मग कुस्करा घालायचा आणि पाण्याऐवजी ताकाचा हबका मारायचा, आंबट ताक असेल तर फारच छान. झाकण ठेवून दोन वाफा. वरून चिमूटभर साखर, लिंबू, कोथिंबीर. ताकामुळे पोळी आतून मऊ होते आणि शिळेपणाचा जो एक कोरडा वास असतो तो पूर्ण जातो. माझी नातवंडं याच्यासाठी मुद्दाम पोळ्या उरवायला सांगतात.

आणि दोडक्याच्या शिरा टाकतेस का गं? टाकू नकोस. दोडका आधी धुऊन मगच सोलायचा. लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात शिरा अगदी मंद आचेवर परतत राहायच्या, घाई केली तर बाहेरून काळ्या आणि आतून चिवट राहतात, दहा-पंधरा मिनिटं लागतात. चुरचुर आवाज यायला लागला की तीळ, किसलेलं सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ. गार झाल्यावर हातानेच चुरायची. भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

सातपूरकर

ताई, मी पुरुष आहे पण स्वयंपाक माझ्याकडे आहे, बायको हॉस्पिटलला नर्स आहे आणि तिच्या शिफ्ट असतात म्हणून गेली सहा वर्षं बाजार आणि किचन दोन्ही मी बघतो. बाजाराचं बोलतो, कारण मला वाटतं तुमचं निम्मं नुकसान किचनमध्ये नाही, पिशवीतच होतंय.

बुधवारी गंगेवर अंधार पडताना गेलं की भाव पडतात हे खरं, कारण माल परत न्यायचा नसतो. पण तो माल सकाळपासून उन्हात असतो, आधीच अर्धा दमलेला. तो चार दिवस टिकेल ही अपेक्षाच चूक आहे. मी आता असं करतो, संध्याकाळी स्वस्तातली पालेभाजी एक किंवा दोनच जुड्या घेतो, ती बुधवारी रात्री किंवा गुरुवारी संपलीच पाहिजे. बाकी टिकाऊ घेतो, भोपळा, कोबी, गाजर, बीट, सुरण. आठवड्याचा क्रमच लावून टाकला आहे, आधी पाला, मग वांगी-गिलकी-दोडका-भेंडी, रविवारनंतर कोबी-भोपळा, आणि मंगळवारी कडधान्य किंवा पिठलं. फ्रिजच्या दाराला चिठ्ठी लावतो काय आधी संपवायचं त्याची. साधी गोष्ट आहे पण खालच्या ड्रॉवरमध्ये काय आहे हे दिसत नाही म्हणूनच ते सडतं.

कोथिंबिरीचं मला फार लागतं कारण आपल्याकडे ती कवडीमोल जाते म्हणून आपण तिची किंमत करत नाही. पंचवटीच्या मार्केट यार्डात लिलाव होतो, शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांचा, भाव बोलतात, आवक वाढली की शेतकऱ्याला गाडीभाडंसुद्धा सुटत नाही आणि तो माल तिथेच टाकून जातो. माझा मामा दिंडोरीकडे शेती करतो, एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो, अख्खी पिकअप कोथिंबीर त्याने ज्या भावाला दिली तो आकडा ऐकून मला घास गिळेना. तेव्हापासून घरात कोथिंबीर काळी पडू देत नाही. आणल्या आणल्या जुडी सोडायची, पिवळी पानं काढायची, धुवायची अजिबात नाही, पंख्याखाली अर्धा तास पसरून कोरडी करायची, मग कागदात गुंडाळून डब्यात. कागद ओला झाला की बदलायचा. आठ-दहा दिवस आरामात जाते. काड्या टाकायच्या नाहीत, काडीलाही चांगला वास असतो, वाटणात घाला, आमटीत बारीक चिरून घाला. जुन्या झाल्या तर मिरची, लसूण, दाणे घालून ठेचा.

कांद्याला गोल्टी घ्या. लासलगाव-पिंपळगाव पट्ट्यात लहान कांदा वेगळा निवडतात त्याला गोल्टी म्हणतात, मोठ्यापेक्षा स्वस्त मिळतो, चव तीच. सोलायला वेळ जातो हे खरं, पण आमटीत अख्खा टाकला, भरल्या वांग्यात टाकला तर सोलण्यापलीकडे काही कामच नाही. आणि साठवायचा असेल तर उन्हाळ कांदाच साठवा, एप्रिल-मे मध्ये घेतलेला. थंडीतला लाल कांदा टिकत नाही, तो पाच किलोच्या वर घेऊ नका कितीही स्वस्त दिसला तरी. बटाट्यांच्या टोपलीत कांदे ठेवू नका.

टोमॅटोचे भाव उतरले की आम्ही सोसायटीतली चार घरं मिळून २० किलोची एक जाळी (क्रेट) घेतो, पाच-पाच किलो वाटून. एकट्याने घेतली तर वाया जाणारच.

कळण_भाकरी

माझं माहेर मालेगावकडचं, सासर नाशिकरोड. आमच्याकडे भाकरी उरली की कुटके करतात. फोडणीत लसूण जरा जास्त, काळा मसाला, दाण्याचं कूट, मग पेलाभर पाणी घालून उकळी आणायची आणि त्यात भाकरीचे तुकडे सोडायचे. पाणी आटत येईपर्यंत शिजू द्यायचं, फार कोरडं नाही करायचं. वरून कच्चं तेल. पोळीचेपण होतात, पण पोळी लवकर विरघळते म्हणून पाणी निम्मंच घाला. थंडीत रात्री हे केलं तर भाजीच लागत नाही.

वरण उरतं म्हणालीस ना ताई, त्याचं मी आता ठरवूनच टाकलंय. घट्ट वरण असेल तर त्यातच कणीक, थोडं बेसन, ओवा, तीळ, तिखट, मीठ, आणि पाण्याचा थेंब न घालता मळायचं, वरणात आधीच पाणी असतं म्हणून पीठ वरणात घालत जायचं, उलटं नाही. त्याच्या तिखट पोळ्या डब्याला देते. पोरांना कळतही नाही आत वरण आहे, आणि मी लपवतपण नाही, मी त्याला "डाळपोळी" म्हणते. पातळ वरण असेल तर चकोल्या, म्हणजे वरणफळं. सकाळची खिचडी उरली तर त्यात ज्वारीचं पीठ, कांदा, कोथिंबीर घालून मुटके वळायचे, वाफवायचे, आणि तीळ-मोहरीच्या फोडणीत परतायचे.

मुलांसाठी मी एक शिकले ते सांगते. ते शिळ्याला नाही म्हणत नाहीत, ते तेच ते परत दिसण्याला नाही म्हणतात. कालची वांग्याची भाजी आज गरम करून वाढली तर माझा मुलगापण खाणार नाही. तीच थालीपिठाच्या पिठात कुस्करली आणि वर लोण्याचा गोळा ठेवला की दोन संपवतो. रूप बदललं पाहिजे, नुसतं गरम करून भागत नाही.

फ्लॉवरचे दांडे आणि आतली कोवळी पानं किसून पराठ्यात. मुळ्याच्या पाल्यात डाळीचं पीठ पेरायचं. कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालीपिठात. भोपळ्याच्या बिया वाळवून भाजायच्या. हे बहुतेक सगळ्यांना माहीत असेल, तरी लिहिलं.

उंबरठा_

सगळ्यांच्या युक्त्या छान आहेत, मी पण करून बघेन. पण ताईंच्या प्रश्नातली एक ओळ सगळ्यांच्या नजरेतून सुटली असं मला वाटतं म्हणून लिहितेय. "त्या मी खाल्ल्या."

२६ पोळ्या एकट्या बाईने. याला काटकसर म्हणू नका. माझी आई असंच करायची. आम्ही पाच जण ताजं खायचो आणि ती शेवटी बसायची, कढईतलं खरवडून, कालच्या दोन पोळ्या, आणि म्हणायची मला असंच आवडतं. आम्हाला ते खरंच वाटायचं. ती गेल्यावर एकदा मावशी बोलता बोलता म्हणाली की लहानपणी तुझी आई शिळ्या पोळीला हात लावायची नाही, रडून ताजी करून घ्यायची. मी त्या दिवशी घरी येऊन जेवू शकले नाही.

तेव्हा ताई, उरलेलं संपवायचं असेल तर ते सहा ताटांत जाऊ दे. फोडणीची पोळी केली तर ती सगळ्यांच्या नाश्त्याला, ह्यांनापण आणि सासऱ्यांनापण, वेगळं ताजं कोणासाठी करायचं नाही. एकट्याच्याच ताटात जातंय तोवर बाकीच्यांना किती उरतंय हे दिसणार नाही, आणि दिसलं नाही तर सांगताना कोणी "मला दोनच कर" असं विचार करून सांगणार नाही. उरलेल्या पोळ्या कोणाच्या ताटात जातात हे घरात उघड झालं पाहिजे. वही फ्रिजवर आहेच, सगळ्यांना वाचू दे.

आणि ॲसिडिटीसाठी डॉक्टरांना दाखवा, इथे विचारून अंगावर काढू नका.

मेथीची_जुडी

उंबरठा ताई, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. मी असं कधी बघितलंच नव्हतं. आईपण असंच करते माझी.

आजी, ते न लाटलेल्या गोळ्यांचं उद्यापासूनच. एक विचारायचं होतं, भाताचं कोणीच फार बोललं नाही. रात्रीचा भात मी ओट्यावरच झाकून ठेवते आणि सकाळी फोडणीचा करते, ते बरोबर आहे ना?

बरणी_झाकण

ताई, थांबा, भाताचं मी सांगते. मी फूड टेक्नॉलॉजी शिकलेय आणि एका लॅबमध्ये काम करते, खाद्यपदार्थांचे नमुने तपासणं हेच माझं रोजचं काम.

रात्रभर ओट्यावर भात ठेवू नका. तांदळात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू असतो, त्याचे बीजाणू भात शिजवल्यावरही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. आणि अडचण ही आहे की त्यातलं उलट्या करवणारं विष परत गरम करून जात नाही, कितीही खमंग फोडणी दिली तरी. वासावरूनही कळत नाही, भात अगदी चांगला लागतो आणि काही तासांत पोट ढवळायला लागतं.

करायचं काय, तर जेवणं झाली की उरलेला भात मोठ्या ताटात पसरायचा म्हणजे लवकर गार होतो, कुकरमध्ये झाकून ठेवला तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आपल्या एप्रिल-मे च्या उन्हाळ्यात तासाभरात. फ्रिज पाच अंशांच्या खाली असावा. दुसऱ्या दिवशी संपवायचा, वाफ येईपर्यंत गरम करायचा, आणि एकदाच. एकदा गरम केलेला परत ठेवायचा नाही.

बाकीच्या भाज्या-आमट्या लवकर फ्रिजमध्ये गेल्या तर तीन दिवस ठीक. पण काही गोष्टी वाचवायच्याच नाहीत, तिथे काटकसर करू नका. बुरशी आलेले शेंगदाणे, खवट कडवट लागणारे दाणे, निवडत बसू नका, सगळे टाका, त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि ते भाजूनही पूर्ण जात नाही. पावाच्या एका स्लाइसवर बुरशी दिसली तर पुडाच टाकायचा. हिरवे पडलेले बटाटे नकोत. कांद्याच्या वरच्या सालाला काळी पूड असते ती मात्र फार नसेल तर तेवढे पापुद्रे काढून कांदा धुऊन घ्या, आत मऊ लागला तर टाका.

दूध तापवताना फाटलं आणि वास चांगला असेल तर पनीर करा, आणि खालची निवळ फेकू नका, तिने कणीक मळा, पोळ्या मऊ होतात. पण आंबूस कुजका वास असेल तर नाही.

गोदाकाठ_आजी

बाई, तू शिकलेली आहेस, तुझं खोटं म्हणत नाही. पण आम्ही लहानपणी रात्रीचा भात पाण्यात भिजत घालून सकाळी ताक, मीठ आणि कांदा घालून खायचो, शेतावर जायच्या आधी. त्यावर दुपारपर्यंत चालायचो. ते कसं चालायचं मग?

बरणी_झाकण

आजी, तुमचंही बरोबर आहे. पाण्यात ठेवला की भात आंबायला लागतो, आंबटपणा वाढतो, आणि आंबट झाल्यावर बऱ्याच वाईट जिवाणूंना तिथे वाढता येत नाही, त्यात ताक म्हणजे आणखी आंबट. घट्ट झाकून कोमट ठेवलेल्या कोरड्या भातापेक्षा ती गोष्ट वेगळी. तरी ते नीट आंबलं की नुसतंच बिघडलं हे तुमच्यासारख्या सवयीच्या हाताला कळतं. ताईंच्या घरी म्हातारी माणसं आणि लहान मुलगा आहे, त्यांना त्रास झाला तर तो जास्त होतो, म्हणून मी फ्रिजच सांगेन.

गोदाकाठ_आजी

पटलं. मग गार भाताचं ऐक गं. फ्रिजमधला भात घे, त्यात ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, कांदा, हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर, थोडंसं दही, हाताने चांगलं चेपून मळ आणि थालीपीठ थाप. कडेने तेल सोड, मधल्या भोकातही. भाताने बाहेरून कुरकुरीत आणि आतून लुसलुशीत होतं. आणि कडक ऊन पडलं की भाताचे सांडगे घाल, भात मऊ कुस्करून तिखट, मीठ, जिरं, लहान लहान बोरांएवढे, तीन-चार दिवस खडखडीत वाळेपर्यंत. पावसाळ्यात तळून खिचडीबरोबर. पण त्यासाठी मुद्दाम शिळा भात साठवत बसू नको, तेवढ्या दिवशीच्या भाताचेच घाल.

सातपूरकर

गॅसचं पण एक राहिलं. कुकर लावताना एकाच वेळी खाली तुरीचं वरण, वर भात, त्याच्यावर बटाटे किंवा भोपळ्याच्या फोडी, वेगळा गॅस जळत नाही. कडधान्य आदल्या रात्री भिजवलेलंच. आमच्याकडे १४.२ किलोचा सिलेंडर पूर्वी महिनाभर पुरायचा तो आता पाच-सहा दिवस जास्त जातो.

मेथीची_जुडी

बारा दिवसांनी लिहितेय, सॉरी, मधे मुलीची परीक्षा होती.

आधी डॉक्टरांचं सांगते. दाखवलं. त्यांनी उपाशीपोटी चहा बंद करायला सांगितला आणि जेवणाच्या वेळा पाळायला सांगितल्या, मी तीन-साडेतीनला जेवत होते. गोळ्या पंधरा दिवसांच्या दिल्यात. आता सासू-सासऱ्यांबरोबरच बसते.

वहीचं, या आठवड्यात पोळ्या उरल्या सात. २६ वरून सात! झालं असं की वही मी सगळ्यांसमोर वाचली, रविवारी जेवताना. काही बोलले नाही, नुसतं वाचलं, पोळ्या २६ आणि पुढे कोणी खाल्ल्या ते. हे गप्पच झाले. सासरे थोड्या वेळाने म्हणाले उद्यापासून मला सकाळी फोडणीची पोळी दे, मला लहानपणापासून आवडते, तू कधी विचारलंच नाहीस. आणि सासूबाईंना गोळ्यांचं सांगितलं, त्यांनी लगेच काही म्हटलं नाही पण दुसऱ्या दिवशी बघते तर स्वतःच कणकेच्या डब्यात एक पितळी वाटी आणून ठेवली होती. त्यांच्या आईची आहे म्हणाल्या. माळ्यावरच्या पेटीतून काढली, चिंचेने घासून. त्या वाटीने आमच्या घरी चार पोळ्या होतात.

ताकाचा हबका एकदम बरोबर आहे आजी. मुलीने डब्याला मागून नेली.

भाजीचं अजून जमलेलं नाही पूर्ण. क्रम लावला, चिठ्ठी लावली, पालेभाजी आता वाया जात नाही, पण ह्या बुधवारी गंगेवर द्राक्षांचे सुटे मणी ढीग लावून विकत होते, घडाच्या अर्ध्याहून कमी भावात, तर मोह झाला आणि तीन किलो घेतले. मुलांनी दोन दिवस खाल्ले, आता किलोभर आहेत आणि मऊ पडायला लागलेत. कोणाला काही सुचतंय का? आज रात्रीपर्यंत करावं लागेल.

कळण_भाकरी

आजच कर. फुटलेले, वास आलेले काढून टाक, बाकीचे मीठ-पाण्यात दहा मिनिटं ठेवून धुवून घे. निम्मे पातेल्यात थोडं पाणी घालून उकळ, साल फुटली की गाळणीवर चमच्याने दाबून गाळ, त्यात साखर, भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळं मीठ. बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेव, तीन-चार दिवसांत संपव, पेल्यात निम्मं पाणी घालून प्यायचं. उरलेल्या निम्म्याची गूळ-तिखट घालून चटणी, मेथीदाण्याची फोडणी, आटवायची जॅमसारखी. पोळीला लावून मुलं खातील.

गोदाकाठ_आजी

चटणीत आल्याचा तुकडा किसून घाल, आणि गूळ सगळा एकदम घालू नको. मऊ पडलेले मणी आधीच गोड असतात. अर्धा घालून चाखून बघ.